पाणी फाटलं!

हल्ली माझ्या तांब्याच्या पट्ट्या कोल्हापूरहून सांगितलेल्या दिवशी येतात. सकाळी टेम्पो दारात लागतो, ड्रायव्हर सही घेतो आणि निघून जातो. फोनाफोनी नाही, भांडण नाही, कपाळावर हात मारून घेणं नाही. सगळं कसं सुरळीत. आणि अशा सुरळीत सकाळी, त्या पांढऱ्याशुभ्र पट्ट्या उतरवून घेताना, ज्या माणसानं इतकी वर्षं माझ्या डोक्याला ताप दिला त्याचीच मला आठवण येते. याचा मला फार राग येतो.

कुपवाडला आमचा विजेची पॅनेल बनवायचा छोटा कारखाना आहे. पॅनेल म्हणजे राखाडी रंगाचं लोखंडी कपाट. साखर कारखान्यात, पाणीयोजनेवर, मोठ्या दवाखान्याच्या तळघरात असतं ते. त्याच्या पोटात तांब्याच्या जाड पट्ट्या असतात आणि त्यांतून वीज खेळते. नुसतं तांबं हवेनं काळं पडतं, सांधे तापायला लागतात. म्हणून त्या पट्ट्यांवर कथलाचा पातळ थर चढवून घ्यावा लागतो. निखाऱ्यावर भांड्यांना कल्हई करतात तसा नाही, तर टाकीतल्या द्रावणात वीज सोडून. आमचं हे काम बजरंगआबा करायचे. म्हणजे त्यांनी ते वेळेवर करावं म्हणून मी त्यांच्या मागे लागायची आणि ते करायचे नाहीत.

आबा मूळचे कुंडलचे. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून हवालदार म्हणून परत आले आणि पलूसच्या एमआयडीसीत एक पत्र्याची शेड घेऊन बसले. उंच, वाळकी अंगकाठी, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, कोपरापर्यंतचे रबरी मोजे. बूट आणि मोजे यांच्या मधला जो काही माणूस उरायचा, तो सदानकदा नाराज असायचा. माझ्यावर, माझ्या पट्ट्यांवर, तांबं बनवणाऱ्यावर, आणि तांब्याला तेलकट हातांनी शिवलेल्या अवघ्या मनुष्यजातीवर.

त्यांच्या शेडमध्ये ओळीनं टाक्या होत्या. पहिली कढत सोड्याची, तेल-ओशटपणा काढायला. मग पाण्याची. मग ॲसिडची, तांब्यावरचा काळा थर खायला. मग परत पाण्याची. आणि सगळ्यात शेवटी कथलाची. तिच्यात दोन्ही बाजूंना कथलाच्या लाद्या कापडी पिशव्या घालून टांगलेल्या असायच्या. या शेवटच्या टाकीत पट्टी सोडली, की आपला चहा पिऊन होईपर्यंत पांढरी होऊन बाहेर येते. म्हणजे खरं काम एका चहाचं. सगळा वेळ जायचा तो आधीच्या टाक्यांत.

कारण आबांची परीक्षा. धुतलेली पट्टी ते आडवी धरायचे आणि तिच्यावर तांब्याभर पाणी ओतायचे. पाणी सगळीकडे सलग पसरून ओल्या फडक्यासारखं चिकटून राहिलं, तर पट्टी स्वच्छ. कुठे पाणी मागे सरलं, थेंब होऊन गोळा झालं, तर तिथे ओशट राहिलंय असं समजायचं. याला आबा ‘पाणी फाटलं’ म्हणायचे. पाणी फाटलं, की ते सैन्यातल्या कवायतीच्या आवाजात ओरडायचे, "जैसे थे!" आणि ती पट्टी, तिच्या शेजारची पट्टी आणि त्या दिवशी तिच्याबरोबर आंघोळ केलेल्या सगळ्या पट्ट्या परत सोड्याच्या टाकीत जायच्या.

आता ही परीक्षा सगळ्याच प्लेटिंगवाल्यांना माहीत असते. बाकीचे लोक एखाद्या पट्टीवर करतात आणि पुढे जातात. आबा प्रत्येक पट्टीवर करायचे, दोन्ही अंगांनी करायचे, आणि पास झाली तरी "एक डाव परत बगू" म्हणायचे.

मी फोन करायची. "आबा, पट्ट्या झाल्या का?"

"व्हायलाच लागल्यात, ताई."

"म्हणजे टाकीत गेल्या?"

"गेल्यात की."

"कथलाच्या टाकीत?"

पलीकडे पाणी ओतल्याचा आवाज. मग, "कंच्या टाकीत त्ये कशाला इचारतासा? टाकीत हायती."

मग मला गाडी काढून भिलवडीवरून पलूस गाठावं लागायचं. हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या अशा काही चालतात की पायी गेलेलं बरं. शेडवर पोचेपर्यंत माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली असायची. आणि आबा शांतपणे पट्टीवर पाणी ओतत उभे असायचे.

"ताई, कथील कोन बी चढवंल," ते माझ्याकडे न बघता म्हणायचे. "त्यो करंट चढवतोय, आपुन न्हवं. आपलं काम काय आसंल तर त्येच्या आदीचं."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या मुलांनासुद्धा ते पाठ होतं. घरी कुणी गृहपाठ सोडून पेन्सिलींना टोक करत बसला, की दुसरा ओरडायचा, "बजरंगआबा झालाय बघ!"

शेडबाहेरही हा माणूस तसाच. लग्नाच्या पंगतीत स्टीलचं ताट पुढे आलं, की त्यात पाणी ओतून ताट हळूहळू कलतं करून बघणार. पाणी फाटलं, की ताट परत. एका लग्नात त्यांनी तीन ताटं परत पाठवली आणि वाढप्यानं शेवटी त्यांना केळीचं पान आणून दिलं. पानावर पाण्याचे थेंब टपाटप गोळा झाले. आबा त्या पानाकडे असे बघत बसले, की त्यांच्या मागची पंगत ताटकळली.

एकदा इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्याचे इंजिनिअरसाहेब माल बघायला आले. मोठी ऑर्डर होती, हंगामाच्या आत पॅनेल उभं राहायचं होतं, आणि मी त्यांना मोठ्या कौतुकानं शेड दाखवायला नेलं, ही माझी चूक. साहेबांनी ॲसिडातून निघालेली एक झळझळीत गुलाबी पट्टी उचलली. उघड्या हातानं. मी "अहो" म्हणायच्या आत आबांनी जवळची लाकडी फूटपट्टी साहेबांच्या बोटांवर मारली. चांगली सणसणीत. साहेबांच्या हातातून पट्टी पडली, तोंडातून शिवी पडली, आणि मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

पलूस ते इस्लामपूर मी साहेबांची माफी मागत होते. परत येऊन आबांवर जे तोंड सोडलं ते सोडलंच. आबा ऐकून घेत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "सायेब झाला म्हून हाताला घाम येत न्हाई व्हय?"

"आबा, एका पट्टीला हात लागला होता. ती धुवायची परत आणि द्यायचा विषय सोडून."

"एका पट्टीला लागल्याला तुमी बगितला. बाकीच्यास्नी न्हाई लागला कशावरनं?"

आणि सगळा लॉट जैसे थे.

एवढं होऊनही मी सुधारले नाही. आमच्या सासूबाईंचं एक जुनं पितळी पातेलं होतं. त्यांची आमटी त्याच पातेल्यात व्हायची, दुसऱ्यात झाली तर चव लागत नाही म्हणायच्या. त्याची कल्हई गेली होती आणि सांगलीत आता कल्हईवाला शोधून सापडत नाही. आबा कथलाचंच काम करतात म्हणून मी बुद्धी गहाण ठेवून ते पातेलं त्यांच्याकडे नेलं. ते म्हणाले, टाकीतलं कथील खाण्याच्या भांड्याला चालायचं नाही. पण सैन्यात भट्टीवर कल्हई केलीय, तशी करून देतो. मात्र आतलं जुनं सगळं निघाल्याशिवाय नवं धरणार नाही. मी म्हटलं, काढा. काढा म्हटल्यावर हा माणूस कुठे थांबेल, याचा मी विचार करायला हवा होता. ॲसिड, घासणं, पाणी, जैसे थे. परत ॲसिड. बऱ्याच दिवसांनी पातेलं परत आलं ते आरशासारखं चकचकीत होऊन, आणि बुडाला भोक पडून.

"भोक हुतंच, ताई," आबा म्हणाले. "जुन्या कल्हईनं बुजलं हुतं. मी काय खरं हाय त्ये दावलं."

तेव्हा शालनकाकी, म्हणजे आबांची बायको, जेवणाचा डबा घेऊन शेडवर आल्या होत्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी ते पातेलं उजेडात धरलं आणि भोकातून नवऱ्याकडे बघितलं.

"खरं दावलं म्हनं! आता त्या म्हातारीनं आमटी कशात करायची? तुमच्या खऱ्यात?"

मी त्या दिवसापासून काकींची झाले. माझ्यासारखंच जीव मेटाकुटीला आलेलं माणूस जगात आणखी एक आहे, याचाच केवढा आधार वाटला. आणि मला तर आबा फक्त कामापुरते होते. काकींना ते चोवीस तास होते.

काकींचं दुखणं म्हणजे त्यांचं घर. मी कुंडलला पहिल्यांदा गेले तेव्हा बाहेरच्या खोलीच्या भिंती बघून मला वाटलं, घराला आग लागून गेली असावी. कुठे निळा तुकडा, कुठे गुलाबी, कुठे चुना, कुठे उघडं प्लास्टर. नकाशाच्या पुस्तकातलं पान जसं. पाहुण्यांनी कुठे बघावं, असा प्रश्न पडायचा.

"मी लगीन हून आले तवा ह्या भिती निळ्या हुत्या," काकींनी सांगितलं. "पोरगी धाकली हुती तवा म्हनलं, रंग द्या. पिस्ता रंग. आमच्या थोरल्या भनीच्या घरात हाय, लय गार वाटतुया. ह्येनी डबा बी आनला. मग म्हनलं, आदी जुना रंग काढाय पायजे. निळ्याखाली गुलाबी निघाला. गुलाबीखाली चुना निघाला. तवाधरनं काढायचंच चाललंया."

डबा खरोखरच होता. खाटेखाली. काकी त्यावर लसणाची परडी ठेवायच्या. सवड मिळाली की आबा पत्र्याचा तुकडा घेऊन भिंत खरवडायचे, मग भोकं लांबीनं म्हणजे पुट्टीनं बुजवायचे, मग लांबीच नीट बसली नाही म्हणून ती खरवडायचे. मुलीचं लग्न आलं. काकींना वाटलं, आता तरी. आबा म्हणाले, असल्या भिंतीवर रंग मारला तर पावसाळ्यात पोपडे धरतील, लोकं हसतील. शेवटी मांडववाल्याकडून रंगीत कापडं आणून भिंतींवर बांधली आणि त्या कापडांपुढे मुलीची हळद झाली. फोटोत भिंत दिसत नाही. काकींनी मला तो अल्बम दाखवताना प्रत्येक फोटोत कापडावरच बोट ठेवलं होतं.

"मला काय महाल नगो, ताई. एकदा रंगल्याल्या घरात बसून च्या प्यायचा हाय. बास."

मी आबांकडे विषय काढायची. ते म्हणायचे, "हिला कळत न्हाई. तुमाला तर कळतंय न्हवं? खालचं काडल्याबिगार वरचं धरत न्हाई." आणि मला कळत होतं, हेच तर दुर्दैव. त्यांचं चूक नसायचं. चूक असतं तर भांडता आलं असतं.

एका खंडेनवमीला मात्र काकींनी सूड घेतला. न ठरवता घेतला, म्हणून जास्त गोड. खंडेनवमीला सगळ्या कारखान्यांत यंत्रांची पूजा होते. पण आबांचा नियम असा, की हळद-कुंकू, फूल, तांदळाचा दाणा काही म्हणता काही टाक्यांजवळ न्यायचं नाही. पूजा करायची ती करंट देणाऱ्या मशीनची, तीही लांबून. त्या वर्षी आबा दारात तोरण बांधत होते. काकी आत गेल्या, सगळ्यात मानाची टाकी कुठली हे त्यांना माहीत होतं, आणि तिच्या काठावर त्यांनी नारळ फोडला.

नारळाचं सगळं पाणी कथलाच्या टाकीत गेलं. हातात दोन वाट्या घेऊन काकी वळल्या, तर आबा मागे उभे. मी दाराशी होते. मला वाटलं, आज काही खरं नाही. माझ्या नवऱ्याच्या हातून घडलं असतं तर आबांनी त्याला सोड्याच्या टाकीत बुडवलं असतं.

आबा टाकीकडे बघत राहिले. मग त्यांनी काकींच्या हातातली एक वाटी घेतली, बोटानं खोबरं टोकरून तोंडात टाकलं.

"ग्वाड हाय," म्हणाले.

"टाकीला मान दिला," काकी म्हणाल्या. त्यांना काही कळलेलंच नव्हतं. "तुमी टाकीला नवऱ्या मुलीवानी जपतासा. घराच्या भितीस्नी कवा जपायचं?"

त्या टाकीतून पुढे ज्या पट्ट्या निघाल्या त्यांच्यावर ढगासारखे डाग. आबांनी सगळं द्रावण उपसलं, कोळशाच्या भुकटीतून गाळलं, परत गाळलं, परत गाळलं. गिऱ्हाइकांना सांगितलं की लाइटचा प्रॉब्लेम झालाय. माझा माल अडकला, साखर कारखान्याची बोलणी मी खाल्ली, आणि काकींना मात्र या माणसानं शेवटपर्यंत कळू दिलं नाही की त्यांनी काय केलं होतं. मला सक्त ताकीद होती. मी चिडले होते, तरी गप्प बसले.

त्याच खंडेनवमीला माझ्या लक्षात आलं होतं की काकी वाळल्यात. कुंकू मोठं दिसत होतं, चेहरा लहान. जेवण जात नाही म्हणत होत्या. दिवाळी झाली आणि त्यांना मिरजेला दवाखान्यात ठेवलं. पोटात काहीतरी निघालं होतं, आणि ते उशिरा निघालं होतं.

मी भेटायला गेले तेव्हा काकी खिडकीकडे तोंड करून पडल्या होत्या. दवाखान्याच्या भिंतीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो बगा, ह्यो रंग. पिस्ता. घरी गेल्यावर आसल्या रंगात बसायचं हाय. ह्येस्नी तुमी सांगा, तुमचं ऐकत्याल."

माझं आजवर काय ऐकलं होतं त्यांनी! तरी मी जिन्यात आबांना गाठलं. म्हटलं, आबा, आता रंग द्या. आता नाही तर कधी? आबांनी मान हलवली. "व्हय. एक भित ऱ्हायलीया घासायची. ती झाली की दितो." मला त्या जिन्यात त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. माणूस इतका हट्टी असू शकतो? बायको वर पडलीय आणि याची एक भिंत राहिलीय!

पुढच्या आठवड्यात माझ्या कवठे महांकाळच्या पाणीयोजनेच्या पट्ट्या अडकल्या. आबांचा फोन बंद. दोन दिवस बंद. बायको आजारी आहे, समजू शकते मी, पण एक फोन करून सांगायला काय होतं? शेडवर गेले तर कुलूप. समोरचा चहावाला म्हणाला, "आबा कुंडलात आस्त्याल." माझ्या पट्ट्या आत कुठल्या तरी टाकीत भिजत होत्या आणि तिकडे गावाला पाणी मिळायचं होतं. मी तशीच कुंडलला गेले. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं.

घराबाहेर अंगणात खाट, परडी, भांड्यांची मांडणी, सगळं आणून टाकलेलं. दार सताड उघडं. आत आबा स्टुलावर उभे होते, पायात तेच रबरी बूट, आणि हातात रुंद ब्रश. भिंतीवर सपासप रंग मारत होते. निळ्यावर, गुलाबीवर, चुन्यावर, उघड्या प्लास्टरवर, जे येईल त्यावर. धूळ पुसली नव्हती. कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं, त्याच्यावरूनही ब्रश गेला आणि जाळं हिरवं झालं. कॅलेंडरचा खिळा काढला नव्हता, तोही रंगला. खाटेखालचा जुना डबा खोलून दारात ठेवला होता. आतला रंग दगड झाला होता. हा नवा डबा पलूसहून आणलेला.

"आबा, माझ्या पट्ट्या—"

"डाक्टर म्हनलं, घरी न्ह्या," आबा वळले नाहीत. "उद्या आनतुया हिला."

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण इतकी वर्षं या माणसाचं ऐकून माझ्या जिभेला वळण लागलं होतं. मी म्हटलं, "अहो पण आबा, खाली घासलं नाहीत. निदान धूळ तरी पुसायची. धरणार नाही हा रंग."

ब्रश थांबला. आबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"मला सांगतासा व्हय?" मग परत भिंतीकडे वळून म्हणाले, "पाणी फाटंल. ठावं हाय मला. फाटू दे. आता घासत बसाय येळ न्हाई. त्यो डबा जरा हिकडं सरकवा."

मी डबा सरकवला.

काकी दुसऱ्या दिवशी घरी आल्या. मी चार दिवसांनी गेले तर त्यांची खाट खोलीच्या मधोमध, अशी की चारही भिंती दिसाव्यात. उशीला टेकवून बसवलं होतं. हातात बशी, बशीत चहा.

"आल्या का ताई? ह्यो पिस्ता हाय व्हय?" त्यांनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, पण आबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "ही तर कोथमीर हाय."

आबा दारात उभे होते, हात मागे बांधून.

"खिळा बी रंगवलाया. जाळं बी रंगवलंया," काकी हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांना खोकला आला. मग बशी तोंडाला लावून त्यांनी चहाचा एक भुरका मारला आणि चारी बाजूंना बघितलं. "पर बरं वाटतुया," म्हणाल्या. "गार वाटतुया."

संक्रांतीच्या आत त्या गेल्या.

महिनाभरानं आबांनी शेडचं कुलूप काढलं. मला वाटलं होतं, आता हा माणूस जरा सैल होईल. कुठलं काय! आधी एकदा म्हणायचे तिथे दोनदा जैसे थे. माझा सगळ्यात साधा माल त्यांनी असा काही रखडवला की मी फोनवर ओरडले, आणि मग फोन ठेवून रडले, आणि परत ओरडायला फोन केला. पट्ट्या आल्या तेव्हा त्या अशा होत्या की बोट ठेवायला जागा नव्हती. ठेवलंच असतं तर फूटपट्टी खाल्ली असती.

पावसाळ्यात आबांनी शेड विकायला काढली. मुलगी पुण्याला बोलवत होती. पट्ट्या टाकीत टांगायचे माझे काही हँगर त्यांच्याकडे राहिले होते, ते घ्यायला म्हणून मी कुंडलला गेले. हँगरचं निमित्त होतं, हे त्यांनाही कळलं असावं.

खोलीत ओल आली होती. आबा म्हणाले होते अगदी तसंच झालं होतं. ठिकठिकाणी रंगाला फोड आले होते, काही फुटून पोपडे लोंबत होते, आणि त्यांच्याखालून निळा आणि गुलाबी परत डोकं वर काढत होता. खिडकीजवळ तर हातभर तुकडा सुटून आला होता. कोपऱ्यातलं हिरवं जाळं मात्र तसंच होतं. खाट तिथेच, खोलीच्या मधोमध.

आबांनी चहा केला. दुधाचं पातेलं चुलीवर ठेवायच्या आधी त्यांनी ते धुतलं, पाणी ओतून कलतं करून बघितलं, परत धुतलं. मी मनात म्हटलं, चला, माणूस ठीक आहे. हँगर पोत्यात बांधलेले होते, एक न एक घासून.

"पुण्याला जायच्या आधी हे सगळं खरवडून नीट करून घ्या आबा," मी भिंतीकडे बघत म्हटलं. "आता तर वेळच वेळ आहे. माणूस लावून देते हवं तर."

आबा उठले. कपबशा आत ठेवून आले आणि माझ्याजवळून खिडकीपाशी गेले. तो हातभर पोपडा वाऱ्यानं हलत होता. मला वाटलं, आता ओढून काढणार. इतकी वर्षं त्यांना हेच करताना बघितलं होतं.

आबांच्या हातात मोजा नव्हता. त्यांनी तो पोपडा उघड्या तळव्यानं अलगद भिंतीला टेकवला, अंगठ्यानं कडेकडेनं दाबत नेला, आणि तो परत सुटू नये म्हणून हात तसाच धरून उभे राहिले. मी पोतं उचलून निघाले तेव्हाही ते तसेच उभे होते.